वर्तमानपत्राची पट्टी, कात्री आणि स्टेजवर बोलावलेले काका

कागदाची पट्टी दुमडायची, कात्रीने कापायची आणि उघडल्यावर ती अखंड दाखवायची, हा जादूचा प्रयोग १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘क्लिपो’ नावाने विकला जायचा. गुपित रबर सोल्युशन आणि टाल्कम पावडर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तरी नवखे धडाधड आपटतात, आणि जवळपास सगळे एकाच ठिकाणी: पावडरीपाशी.

आधी पट्टी. रुंदी ४ सेंटिमीटर, लांबी ५० ते ६०. छोट्या जाहिरातींचा रकाना घ्या, कारण बारीक अक्षरांत सोल्युशनचा पिवळसरपणा लपतो. फोटो आणि मोठे मथळे टाळा, जोड तिथे चटकन दिसतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन पट्टीच्या एकाच बाजूला, मधल्या १५ सेंटिमीटरवर, पुठ्ठ्याच्या तुकड्याने पातळ पसरा. वाळू द्या, मग दुसरा हात. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस पेटलेला नको. फेव्हिकॉल वापरू नका. तो वाळला की स्वतःला चिकटत नाही, आणि इथे सगळा खेळ तेवढ्यावरच आहे.

आता पावडर. वाळलेलं रबर रबराला लागलं की सुटत नाही. पट्टी दुमडताना दोन्ही चिकट भाग समोरासमोर येतात, ते एकमेकांना धरू नयेत म्हणून पावडर लावायची. कात्रीचं पातं दोन्ही थर एकत्र दाबत खाली जातं तेव्हा कापलेल्या कडेवर पावडरीखालचं ताजं रबर उघडं पडतं आणि दोन कडा एका बारीक रेषेत जुळतात. जोड तेवढाच, सुतासारखा. पावडर कमी पडली तर पट्टी कापण्याआधीच चिकटते आणि उघडताना टर्रकन फाटते. जास्त झाली तर ताज्या कडेवरही पावडरच येते, आणि तुमचेही दोन तुकडे. कापसाने भरपूर लावा, मग कोरड्या ब्रशने झटका, इतकं की पृष्ठभाग मंद दिसेल पण बोटाला पांढरं लागणार नाही. प्रत्येक खेपेची एक पट्टी बळी द्या: दुमडून अंगठ्याने दाबा, आवाज न करता सुटली पाहिजे, मग कापा, टिकली पाहिजे. पावसाळ्यात घामाची बोटं पावडर पुसतात, म्हणून पट्टी टोकाला धरा. पावडर बिनवासाची हवी, नाहीतर पहिल्या रांगेला बाळाच्या मालिशीचा वास येतो आणि कोणीतरी ते मोठ्याने बोलतं.

हे जमेपर्यंत वैताग येईल. येऊ द्या, दहा-बारा पट्ट्यांत हात बसतो. तयार पट्ट्या विकत घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. महिनोन्‌महिने दुकानात पडलेलं रबर कडक झालेलं असतं, आणि बिघाड कशाने झाला हे तुम्हाला कळत नाही. गुरू भेटला तर उत्तमच, पण ‘सफाई हातात असते’ एवढंच म्हणून कात्रीची धार न तपासणाऱ्या गुरूकडे वेळ घालवू नका. बोथट कात्री कागद चावते. पातं पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट हवं, कारण काप एकाच चापात पूर्ण व्हायला हवा. दोन चापांत कापलं की मधे भोक राहतं. तीन-चार कापांनंतर पात्यावर रबर साठतं, ते बोटाने चोळून काढा.

आता काका, म्हणजे प्रेक्षकांतून स्टेजवर बोलावलेला माणूस. मित्रांनी ढकलून पाठवलेला माणूस नको, आणि स्वतःहून ओरडणारा तर नकोच. टाळ्या वाजवताना हसणारा निवडा. त्यांना डावीकडे, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं करा. तुमच्याकडे वळले की अर्ध्या सभागृहाला त्यांची पाठ दिसते. त्यांची पट्टी साधी, पण त्याच रकान्याची. सोल्युशन लावलेल्या पट्ट्यांच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलचा ठिपका ठेवा, अदलाबदल झाली तर प्रयोग तिथेच संपतो.

वधू-वर जाहिरातींच्या पट्ट्या घ्या. दोघांनी दुमडायच्या, ‘तीन’ म्हटल्यावर घडीपासून एक सेंटिमीटरवर कापायच्या. तुमची अखंड, काकांचे दोन तुकडे. ‘पत्रिका जुळली नाही वाटतं, काका!’ थट्टा पट्टीची करा. त्यांच्या लग्नाची, टकलाची, वयाची करू नका, हशा मिळतो पण पुढचा माणूस स्टेजवर यायला तयार होत नाही. दुसऱ्या फेरीत तुम्ही तिरकं कापा. पट्टी कोनात वाकते: ‘स्थळ जरा वाकडं आहे, पण टिकलंय.’ काकांचे चार तुकडे. तुमची पुन्हा दुमडून सरळ कापली की ती सरळ होते.

शेवटच्या फेरीत उलटं करा. साधी पट्टी तुम्ही घ्या, ठिपक्याची त्यांच्यासाठी. आधी तुमची कापून तुकडे पाडा, चेहरा पाडा. मग त्यांची पट्टी तुम्ही दुमडून टोकं स्वतःच्या हातात धरा आणि कापायला फक्त कात्री द्या, मूठ त्यांच्याकडे करून. पट्टी त्यांच्या हातात देऊ नका: माणूस उत्साहात दोन्ही हातांनी ओढतो आणि सुतासारखा जोड तुटतो. तुम्ही एक टोक सोडा, पट्टी आपल्या वजनाने उलगडते. टाळ्या त्यांच्यासाठी मागा आणि त्या आवाजात पट्टी खिशात टाका. मुलाला बोलावलं असेल तर कात्री गोल टोकाची हवी, पण धार असलेली.

काकांना त्यांचे साधे तुकडे घेऊन जाऊ द्या, कितीही तपासले तरी त्यांत काही सापडणार नाही. तुमच्या पट्टीचे आणि शेवटच्या फेरीत पडलेले घडीचे तुकडे मात्र खाली सोडू नका. मुलं ते लगेच उचलतात, आणि आतून पांढरा चिकटपणा त्यांना सापडतो.