ईमेलमधलं 'ओन्ली' नेमकं कुठे ठेवायचं?

निर्यातीच्या कामात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचे ईमेल बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. बहुतेकांचं इंग्रजी बरं असतं, पण 'ओन्ली' आलं की घोळ होतो.

एका ट्रेनीने लिहिलं होतं, 'द मटेरियल विल बी डिस्पॅच्ड टुडे ओन्ली.' त्याला म्हणायचं होतं, माल आजच निघतोय, निश्चिंत राहा. परदेशी गिऱ्हाइकाने अर्थ लावला, माल फक्त आज निघणार, पुढे नाही. लगेच विचारणा आली: उरलेल्या ऑर्डरचं काय?

आपला 'च' दोन्हीकडे चालतो. 'मीच गेलो' म्हणजे दुसरं कुणी गेलं नाही. 'आजच पाठवतो' म्हणजे नक्की पाठवतो. 'ओन्ली'कडे यातला पहिलाच अर्थ आहे. खात्री द्यायची तर 'वी विल डिस्पॅच इट बाय फाइव्ह पीएम टुडे' लिहा. वेळ दिसली की गिऱ्हाइकाला जास्त धीर येतो.

मग प्रश्न जागेचा. 'च' शब्दाला मागून चिकटतो, 'ओन्ली' शब्दाच्या आधी बसवावं. 'ओन्ली द मॅनेजर साइन्ड द इनव्हॉइस' म्हणजे सही मॅनेजरनेच केली. 'द मॅनेजर साइन्ड ओन्ली द इनव्हॉइस' म्हणजे सही इनव्हॉइसवरच झाली, पॅकिंग लिस्ट तशीच राहिली. कस्टम्सची कागदपत्रं तयार करणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. बोलताना इंग्रज मंडळीही 'आय ओन्ली सॉ हिम यस्टरडे' सर्रास म्हणतात आणि ते चूक नाही, कारण जोर कशावर आहे ते आवाजातून कळतं. ईमेलला आवाज नसतो, म्हणून दर, नग आणि मुदत लिहिताना मी याबाबत हट्टी आहे.

चेकवरचं 'रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली' मात्र शेवटीच हवं. पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून ते असतं. आपल्या पावतीवरही 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' असंच लिहितात.

'ओन्ली आफ्टर पेमेंट'ने वाक्य सुरू केलंत तर पुढे 'वी विल' नाही, 'विल वी रिलीज द डॉक्युमेंट्स' येतं. ही उलटापालट सुरुवातीला जड जाते. तोवर 'वी विल रिलीज द डॉक्युमेंट्स ओन्ली आफ्टर पेमेंट' लिहा. अर्थ तोच राहतो आणि गिऱ्हाइकालाही एका वाचनात कळतं.