ग्रहांच्या कक्षांचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

लॅपटॉपवर सूर्यमाला चालवायला आता रिबाउंडसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. घोळ होतो तो बहुधा आलेलं उत्तर वाचताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच रन घेऊन (म्हणजे सिम्युलेशन एकदाच चालवून) ‘50 कोटी वर्षांनी पृथ्वी अमुक जागी असेल’ असं सांगून मोकळं होणं. आतल्या ग्रहांच्या कक्षा अनागोंदी, म्हणजे केऑटिक आहेत, हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांनी 1989 मध्ये दाखवलं. सुरुवातीची चूक साधारण दर एक कोटी वर्षांत दहापट होते. आज पृथ्वीची जागा 15 मीटरने चुकली, तर एक कोटी वर्षांनी फरक 150 मीटर. किरकोळच. पण दहा कोटी वर्षांनी तोच 15 कोटी किलोमीटर होतो, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराएवढा! तिथून पुढे ‘पृथ्वी नेमकी कुठे?’ हा प्रश्नच सोडून द्या. ‘किती रनमध्ये काय झालं?’ हे विचारा. लास्कार आणि त्यांचे सहकारी गास्तिनो यांनी 2009 मध्ये 2501 रन घेतले. एका रनपासून पुढच्यात बुधाच्या कक्षेतला फरक फक्त 0.38 मिलिमीटर. 500 कोटी वर्षांत सुमारे 1 टक्का रनमध्ये बुधाची कक्षा भलतीच लांबट झाली.

हा आकडा उलटा वाचणारेही आहेत. केऑस म्हणजे सूर्यमाला मोडणार, असं नव्हे. उरलेल्या 99 टक्के रनमध्ये ग्रह आपापल्या वाटेने फिरत राहतात.

‘ऊर्जा टिकली, म्हणजे उत्तर बरोबर’ हा समजही फसवा. सिम्प्लेक्टिक पद्धतीत, म्हणजे ऊर्जेतली चूक साचू न देणाऱ्या गणितात, ऊर्जेचा आलेख सपाट दिसतो आणि ग्रह मात्र कक्षेत भलत्याच ठिकाणी असतो. ऊर्जा सरकली तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. न सरकल्याने काहीच सिद्ध होत नाही. (आत्ताच्या वेगावरून थेट पुढची जागा काढणारी ऑयलरची साधी पद्धत वापरून ग्रह सूर्यापासून लांब जाताना दिसले, तर दोष निसर्गाला देऊ नका.)

जवळपास सारख्याच सुरुवातीचे दोन रन वेगळे झाले तर तो खरा केऑस की तुमच्या गणिताची चूक? टाइमस्टेप, म्हणजे गणिताच्या एका पावलाचा काळ, निम्मा करून बघा. दोन रनमधल्या अंतराचा लॉग-आलेख (ज्यात दर दहापटीला सारखीच उंची) तेवढ्याच चढाने वर गेला, तर केऑस मानायला हरकत नाही. चढ बदलला, तर टाइमस्टेपच मोठा होता. बुधाचं वर्ष 88 दिवसांचं, म्हणून चार दिवसांच्या टाइमस्टेपपासून सुरुवात करा. मात्र त्याची कक्षा लांबट होऊ लागली की सूर्याजवळ त्याचा वेग वाढतो आणि हेही पुरत नाही.

न्यूटनवर थांबू नका. आइनस्टाइनच्या सापेक्षतेमुळे बुधाचा उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतली सूर्याच्या सगळ्यात जवळची जागा, शतकाला 43 विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). क्षुल्लक वाटतं, पण हा परिणाम वगळला तर निम्म्याहून जास्त रनमध्ये बुध बिथरतो.

आणि भूशास्त्रासाठी जुना काळ मोजायचा असेल, तर पृथ्वीच्या जागेमागे धावू नका. शुक्र आणि गुरू यांच्यामुळे पृथ्वीच्या कक्षेच्या लांबटपणात येणारं 4 लाख 5 हजार वर्षांचं चक्र बरंच स्थिर आहे. खडकांचे थर मोजणारे तेच वापरतात.