स्पेनमधल्या इंग्रजी संभाषण शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाताना

स्पेनमध्ये शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही फोन वाजला की गांगरणारे लोक खूप आहेत. त्यांच्यासाठी तिथे निवासी शिबिरं चालतात: जितके स्पॅनिश शिकणारे, साधारण तितकेच इंग्रजी भाषक, आठवडाभर एकत्र, आणि स्पॅनिश बोलायला बंदी. 'पुएब्लो इंग्लेस' हा उपक्रम 2001 मध्ये सोरिया प्रांतातल्या बाल्देलाबिया या ओस पडलेल्या खेड्यात सुरू झाला. 'वॉनटाउन'ही याच धर्तीवर चालतं.

मानधन मिळत नाही. राहणं, तिन्ही वेळचं खाणं आणि माद्रिदहून शिबिरापर्यंतची बस आयोजकांकडे. विमानाचं तिकीट, माद्रिदमधला मुक्काम आणि विमा तुमच्याकडे. बस शहरातून ठरल्या वेळी सुटते, म्हणून किमान आदल्या दिवशी माद्रिदला पोचा.

इंग्रजी मातृभाषेइतकी सहज हवी अशी अट असते. अमेरिका-ब्रिटनमध्ये वाढलेल्या मराठी घरातल्या मुलांना ती अडचण नाही. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी पात्रतेबद्दल आधीच विचारून घ्यावं, पण उच्चाराचा संकोच बाळगू नये. शिकणाऱ्यांना वेगवेगळे उच्चार कानावर पडायलाच हवे असतात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (स्पेनसह अनेक युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) लागतो. त्यासाठी किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण हवं. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. आयोजकांचं निमंत्रणपत्र जोडा आणि प्रवासाचा हेतू आहे तसाच लिहा.

शाकाहारी असाल तर अर्जातच कळवा, आणि 'मांस नको, मासे नको, हॅमही नको' असं सुटं सुटं लिहा. नुसतं 'शाकाहारी' लिहिलंत तर सॅलडमध्ये टूना येऊ शकतो, मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) सापडू शकतं. बटाट्याचं ऑम्लेट मात्र जवळपास सगळीकडे मिळतं. जेवणाच्या वेळाही वेगळ्या: दुपारचं दोनच्या सुमारास, मग विश्रांती, रात्रीचं नऊला. ती दुपारची विश्रांती खरोखर घ्या. दिवसभर बोलून तिसऱ्या दिवशी घसा बसतो आणि लक्षही उडतं.

मुख्य काम म्हणजे एकास एक गप्पा, सुमारे 50 मिनिटांच्या. इथे शिक्षक होऊ नका. प्रत्येक चूक अडवलीत तर समोरचा तुटक, सुरक्षित वाक्यांवर येतो आणि शिबिराचा उपयोगच संपतो. तो 'आय हॅव थर्टी इयर्स' म्हणाला तर 'ओह, यू आर थर्टी' एवढंच म्हणून पुढे चला. स्पॅनिशमध्ये 'मी तीस वर्षांचा आहे' असं नाही, तर 'माझ्याकडे तीस वर्षं आहेत' असंच म्हणतात, म्हणून ही चूक पुन्हा पुन्हा येणार. 'पीपल इज', 'इज रेनिंग' हेही तसंच. आणि 'एस्कूल' ऐकून आपल्याला नवल वाटू नये, आपल्याकडेही 'इस्टेशन' म्हणतातच. कोणी 'कॉन्स्टिपेटेड' आहे म्हणालं, तर बहुधा त्याला बद्धकोष्ठ नव्हे, सर्दी झालेली असते: स्पॅनिशमधल्या तशाच शब्दाचा अर्थ तो आहे.

शांतता पडली की ती लगेच भरू नका. मनात सातपर्यंत मोजा. तेवढ्यात माणूस वाक्य जुळवतो. बोलण्याचा मोठा वाटा त्याचा हवा. हो-नाहीत संपणारे प्रश्न टाळा. 'तुमच्या गावच्या जत्रेत काय होतं?' असं विचारा. सालामांका प्रांतातल्या ला अल्बेर्का गावात एक डुक्कर जूनपासून मोकळं सोडतात, गावकरी त्याला खाऊ घालतात आणि 17 जानेवारीला सोडत काढून ते देतात. असा विषय निघाला की अर्धा तास सहज जातो. वेग फार कमी करू नका आणि मोठ्यानेही बोलू नका. कळलं नाही तर तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगा.

फोनवरच्या सत्रात हावभाव दिसत नाहीत, म्हणून तिथे सगळ्यांनाच धाकधूक असते. एखादा प्रसंग घ्या, हॉटेलची तक्रार किंवा बैठकीची वेळ बदलणं, आणि मुद्दाम एक आकडा, एक नाव घाला. ऐकलेलं परत सांगायला लावा.

जेवणाच्या टेबलावर मात्र खरी गडबड होते. दोन इंग्रजी भाषक आपापसात रंगतात, विनोद वेगाने पुढे जातात आणि समोरचे दोघे काटे-चमचे बघत बसतात. तुम्हाला ते जाणवलं की गप्पा थांबवून समोरच्याचं नाव घ्या आणि प्रश्न त्याच्याकडे वळवा. दया येऊन स्पॅनिशमध्ये उत्तर देणं हाही अपकारच: एकदा वाट मोकळी झाली की तो माणूस आठवडाभर तीच शोधतो.

शेवटी शेवटी शिकणारे सर्वांसमोर छोटं सादरीकरण करतात. त्यांना विषय त्यांच्या कामाचाच निवडायला सांगा, वाक्यं लिहून देऊ नका, दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या. सभागृहात एक प्रश्न स्वतः तयार ठेवा, म्हणजे कोणीच काही विचारलं नाही तरी बोलणाऱ्याला तिथे उत्तर देण्याची संधी मिळेल.