डेक्साचा रिपोर्ट कसा वाचावा, आणि मग हाडांसाठी काय करावं

हाडांच्या तपासणी शिबिरात टाचेला यंत्र लावून जो आकडा मिळतो, तो बाजूला ठेवा. ते अल्ट्रासाउंड असतं आणि फार तर पुढची तपासणी करायला हवी एवढं सांगतं. त्यावर विसंबून औषध सुरू करायचं नाही. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहणंही चूकच. रक्तातली पातळी शरीर कसंही करून सांभाळतं, वेळ पडली तर हाडांतून काढून.

खरी तपासणी म्हणजे डेक्सा, हाडांची घनता मोजणारा क्ष-किरणांचा स्कॅन, कंबरेचे मणके आणि खुबा या दोन्ही जागांचा. बायकांनी पासष्टीच्या सुमाराला तो करावाच. पाळी गेल्यावर साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, कित्येक महिने स्टेरॉइड घेतले असतील किंवा आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल, तर तेवढंही थांबू नका. पुरुषांचीही हाडं ठिसूळ होतात, त्यांना मागे ठेवू नका. स्कॅनच्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही आणि धातूची हुकं-पिना काढून ठेवायच्या, एवढीच तयारी.

आता रिपोर्ट. आईचा, सासूबाईंचा, दोन मावश्यांचा आणि साठी उलटल्यावर माझा स्वतःचा, असे बरेच रिपोर्ट मी वाचलेत. हल्ली इमारतीतल्या बायकाही डॉक्टरांकडे जायच्या आधी कागद घेऊन माझ्याकडे येतात. औषध मी सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण कागदावर नेमकं कुठे बघायचं हे कुणी समजावून सांगत नाही, आणि तिथेच मोठी फसगत होते.

टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडाची घनता तरुण, निरोगी माणसाच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे त्याचं माप. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या रेषा आजही वापरात आहेत. मायनस १ किंवा त्याहून वर असेल तर नॉर्मल. मायनस १ आणि मायनस २.५ यांच्या मध्ये ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता कमी. मायनस २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. झेड-स्कोअर तुमची तुलना तुमच्याच वयाच्या लोकांशी करतो. ‘वयाच्या मानाने ठीक आहे’ हे तिथूनच येतं, आणि पन्नाशीनंतरच्या बाईला त्या वाक्याचा काही उपयोग नाही. सत्तरीत पुष्कळांची हाडं ठिसूळ असतात, त्यांच्यासारखीच आपली आहेत यात दिलासा कसला? झेड-स्कोअर मायनस २ च्या खाली असेल तर मात्र तो गंभीरपणे घ्या, कारण मग वयाखेरीज दुसरं काही कारण शोधावं लागतं.

निदानासाठी तीन आकडे बघायचे: मणक्यांचा एकूण, खुब्याचा एकूण आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा. यातला सर्वांत कमी तो धरायचा. खुब्याच्या तक्त्यात ‘वॉर्ड्स’ अशी एक ओळ असते. बहुतेक वेळा तिथलाच आकडा सर्वांत वाईट दिसतो आणि घरात घबराट होते. निदानासाठी ती ओळ धरतच नाहीत. तिच्यावर पेनाने काट मारा.

मणक्यांची ओळ मात्र जपून वाचा. इथे मी स्वतः चुकले आहे.

आईचा पहिला मणक्यांचा टी-स्कोअर मायनस २.६ होता. दोन वर्षांनी तो मायनस २.१ आला. रिपोर्टवर ‘सुधारणा’ असं छापलेलं होतं. आम्ही पेढे आणले. आईची कंबर त्या काळात सतत दुखायची, पण आकडा वाढलाय म्हटल्यावर ती दुखणी वयाची असं आम्ही ठरवून टाकलं. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी तोच कागद हातात घेतला आणि एकूण आकड्याकडे न बघता मणक्यांच्या चार ओळी वाचल्या. एल १ ते एल ४ म्हणजे कंबरेचे वरून खाली चार मणके. एल १ मायनस ०.९, एल २ मायनस २.६, एल ३ मायनस २.७, एल ४ मायनस २.४. त्यांनी लगेच बाजूने एक्स-रे काढायला लावला. एल १ दबला होता.

कारण साधं आहे. मणका चेपला की तेवढंच खनिज कमी जागेत दाटतं आणि यंत्राला तो घट्ट वाटतो. मोडलेलं हाड कागदावर चांगलं दिसतं! झिजेमुळे मणक्यांच्या कडांना वाढलेलं हाड आणि महारोहिणीच्या, म्हणजे मणक्यांपुढच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, भिंतीत साचलेलं कॅल्शियमही आकडा असाच फुगवतं. म्हणून साठीनंतर नुसत्या मणक्यांच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. चारही मणक्यांचे टी-स्कोअर एकाखाली एक लिहून काढा. एखादा शेजारच्यापेक्षा १ हून जास्त वेगळा असेल तर तो वगळून सरासरी काढायची असते, निदान दोन मणके तरी शिल्लक राहायला हवेत. स्कॅन सेंटरने हे केलं नसेल तर डॉक्टरांना तसं विचारा. उंची तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घटली असेल, किंवा पाठीला पोक येत असेल, तर स्कोअर काहीही असो, मणक्यांचा बाजूने एक्स-रे मागा. दबलेले कितीतरी मणके दुखतही नाहीत.

किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर तो ऑस्टिओपोरोसिसच. तिथे टी-स्कोअर मायनस १.८ आहे म्हणून उपचार टाळू देऊ नका.

दुसरा गोंधळ जुन्या-नव्या रिपोर्टच्या तुलनेत होतो. दोन वेगळ्या यंत्रांवरचे रिपोर्ट शेजारी ठेवून काही कळत नाही, स्वस्तात होतंय म्हणून सेंटर बदलू नका. तुलना टी-स्कोअरची नाही, तर ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर या घनतेची करायची. खुब्याची घनता ०.७४२ वरून ०.७६१ झाली तर वाढ झाली अडीच टक्के. स्कॅन सेंटर आपल्या यंत्राचा नेमकेपणा कळवत नसेल, तर ५ टक्क्यांच्या आतला फरक मी ‘जैसे थे’ समजते, वाढ असो की घट. म्हातारपणी नजर ठेवायला एकूण खुब्याचा आकडा सर्वांत भरवशाचा.

औषधाआधी रक्त तपासा: कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्लोबिन. पॅराथायरॉइड लागेल का, ते डॉक्टरांना विचारा. हाड ठिसूळ होण्यामागे कधी कधी दुसराच आजार असतो.

कॅल्शियम पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. आधी ताटातलं मोजा. पेलाभर दूध, म्हणजे २०० मिली, साधारण २४० मिलिग्रॅम देतं. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी १८० च्या आसपास. दही, ताक, तीळ, राजगिऱ्याचा पाला यांनी भर पडते. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेटमुळे ते अंगी फारसं लागत नाही, त्याचा हिशेब धरू नका. कमी पडेल तेवढंच गोळीतून घ्या. कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट लिहिलेलं असेल तर त्यात कॅल्शियम ५०० च असतं.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक अशा ठरावीक आठवडे घ्यायच्या असतात. मेडिकलवाल्याकडून आणून वर्षभर चालू ठेवणाऱ्या दोघी जणी माझ्या ओळखीत निघाल्या. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. किती आठवडे, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

ऑस्टिओपोरोसिस असेल तर नुसत्या नाचणीने भागत नाही, औषध लागतं. आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. हे पाळलं नाही तर अन्ननलिका सोलवटते. वर्षातून एकदा शिरेतून घ्यायचं झोलेड्रोनेट हा दुसरा मार्ग. दातांचं मोठं काम असेल तर ते आधी उरका. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू केलं तर तारीख कधीही चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून ते मध्येच सोडलं आणि त्याजागी दुसरं औषध घेतलं नाही, तर घनता झपाट्याने उतरते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. हे सुरू करतानाच विचारून घ्या.

व्यायामात बागेतल्या फेऱ्यांवर थांबू नका. चालणं चांगलंच, पण हाडाला ओझं हवं आणि तोल हवा. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, ओट्याला धरून एका पायावर उभ्या राहा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. मणका दबलेला असेल तर पुढे वाकून पायाचे अंगठे धरायची आसनं बंद, मग शिकवणारे कितीही जाणकार असोत. जमिनीवरची बादलीही वाकून उचलायची नाही. मणका दबलेल्यांनी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावा.

न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवा, प्लास्टिकचा चिकटवायचा नको. जुन्या साडीची पायपुसणी उचला, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा, मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. झोपेच्या गोळीने रात्री झोक जातो का, हे डॉक्टरांना सांगा.

पुढचा डेक्सा वर्ष-दोन वर्षांनी, त्याच यंत्रावर, जुना रिपोर्ट चित्रांसकट सोबत नेऊन. आईची उंची मी दर दिवाळीला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून मोजते.