जात्यावरच्या ओव्यांवर लिहायचंय? घरबसल्या संदर्भ असे शोधा

एम.ए.ला किंवा पीएच.डी.ला बसलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते: "माझ्या विषयावर नेटवर काहीच नाही." बहुतेक वेळा असतं, पण आपण टाइप केलेल्या अक्षरांत नसतं. एखादा विषय हातात घेतला की हे नीट कळतं, म्हणून जात्यावरच्या ओव्याच घेऊ.

आधी कागदावर शब्द लिहा

ओवी, ओव्या, ओवीगीते, जात्यावरची गाणी, स्त्रीगीते, लोकगीते. एवढे सगळे कशाला? तर बऱ्याच ग्रंथसूचींना मराठीचं व्याकरण कळत नाही. 'ओवी' विचारली की त्या 'ओव्या' दाखवत नाहीत. त्यात 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं अनुस्वारांनी भरलेली असतात, तिथे 'गाणी' नव्हे तर 'गाणीं' सापडतात. आणि 'ऱ्या' हे अक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. डोळ्यांना एकच दिसतं, संगणकाला मात्र वेगळं. त्यामुळे 'शेतकऱ्यांची गाणी' शोधून हात हलवत परत येण्यापेक्षा 'शेतकरी' एवढंच शोधा.

मग रोमन लिपीतली रूपं. 'ओवी'च्या शेवटी कोणी एक आय लावतो, कोणी दोन ई. दोन्ही टाकून पाहा.

शेवटी इंग्रजीत या विषयाला काय म्हणतात ते शोधा. इथे तो शब्द आहे 'ग्राइंडमिल साँग्ज'. तो माहीत नसेल तर मोठं घबाड हुकतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा प्रकल्प याच नावाने ओळखला जातो. 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीच्या आणि गावाच्या नावासह वाचता येतात, काही ऐकताही येतात.

शोधगंगेत शिरा, पण मागच्या दाराने

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं भांडार. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं, आणि वाचायला लॉगिन किंवा पैसे लागत नाहीत. शोधचौकटीत वरचे सगळे शब्द एकेक करून टाका. तरीही काही निसटतंच, कारण मराठी प्रबंधांची शीर्षकं अनेकदा रोमन लिपीत, ज्याला जसं सुचलं तसं नोंदवलेली असतात. म्हणून दुसरी वाट: विद्यापीठ निवडा, मग मराठी विभाग, आणि यादी डोळ्यांखालून घाला. तासभर जाईल, पण वाया जाणार नाही.

प्रबंध सापडला की पहिल्या प्रकरणाकडे धावू नका. तिथे प्रबंध तुकड्या-तुकड्यांच्या पीडीएफमध्ये असतो. त्यातली संदर्भसूचीची फाइल आधी उघडा. कोणीतरी चार-पाच वर्षं घासून केलेली यादी आयती मिळते. यादीतलं पुस्तक स्वतः मिळवून वाचायचं मात्र तुम्हालाच. न वाचलेलं पुस्तक आपल्या सूचीत घुसवणारे तोंडी परीक्षेत बरोब्बर सापडतात.

पीडीएफमध्ये शब्द शोधून काहीच मिळालं नाही, तर शब्द नाही असं समजू नका. स्कॅन केलेली पानं असतील, किंवा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे आजच्या संगणकाला शोधताना न कळणाऱ्या जुन्या अक्षरसंचात, असेल. अशा वेळी अनुक्रमणिका पाहून पानं उलटायची, दुसरा इलाज नाही.

ग्रंथपालांना गाठा

ही पायरी लोक लाजून गाळतात. पैसे भरून मिळणारी नियतकालिकं तुमच्या कॉलेजने कदाचित आधीच घेतलेली असतात. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. त्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी व केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांसाठी एकत्र घेतली जातात. तुमचं कॉलेज त्यात आहे का, की 'एन-लिस्ट'चं, म्हणजे कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या योजनेचं, लॉगिन मिळतं, हे ग्रंथपालच सांगतील. कॅम्पसच्या वायफायवर बरंचसं आपोआप उघडतं; घरून वापरायचं तर वेगळं लॉगिन लागतं, ते त्याच फेरीत मागून घ्या.

एक तंबी. लॉगिन मिळालं म्हणून रात्रीत अख्ख्या नियतकालिकाचे अंक उतरवू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला संशय आला तर सगळ्या कॅम्पसचा प्रवेश बंद होऊ शकतो, आणि मग तुमचं नाव विभागात निराळ्या कारणाने गाजतं.

लेख कुलूपबंदच निघाला तर गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधनलेखांच्या शोधयंत्रावर, त्याच्याखालच्या 'सर्व आवृत्त्या' उघडा. लेखकाने स्वतः कुठेतरी ठेवलेली प्रत अनेकदा तिथे असते. नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. आपला लेख कोणी मागतंय याचं प्राध्यापकांना अप्रूप असतं.

जुनी पुस्तकं

स्वामित्वहक्क संपलेल्या मराठी पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह, पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाचं डिजिटल भांडार आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथसंजीवनी' या तीन जागा आधी पाहा. आर्काइव्हवर नावांची इतकी मोडतोड असते की पुस्तकाच्या नावाने नाही मिळालं तर लेखकाच्या आडनावाने शोधावं. ओवीतला एखादा शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. आजच्या कोशांत न सापडणारे बरेच शब्द 1857 च्या त्या आवृत्तीत भेटतात.

सापडलं की लगेच नोंदवा

झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर ब्राउझरला जोडलं की एका क्लिकवर लेखाचा तपशील साठवतं. मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका: लेखकाचं नाव रोमन लिपीत येतं, प्रकाशकाचा रकाना रिकामा राहतो. मुखपृष्ठ उघडून हातानेच भरा. त्यावर फक्त शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा. शके 1830 म्हणजे 1908. पौष ते फाल्गुन या महिन्यांत छापलेलं असेल तर बहुधा 79.