परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज कसा करावा

मुदतीच्या वर्षभर आधी कामाला लागा. आयेल्ट्स, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण २ वर्षंच चालतात, त्यामुळे परीक्षा फार लवकर देऊनही उपयोग नाही. नाव सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

संशोधनासाठी जायचं तर आधी तिथल्या प्राध्यापकांना मेल करा: तुमचा प्रश्न, पद्धत आणि त्यांचीच प्रयोगशाळा का, हे दहा ओळींत. नुसत्या स्तुतीच्या मेलला उत्तर येत नाही.

अर्ज बहुतेकदा आपटतो तो उद्देशपत्रात, म्हणजे काय आणि का शिकायचं हे सांगणाऱ्या पत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज). गुणपत्रिका तिथे पुन्हा उगाळू नका. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीत शिक्षणानंतर किमान २ वर्षं मायदेशी परतावं लागतं; तेव्हा ‘देशसेवा करेन’ हे मोघम झालं, कुठे आणि कोणतं काम ते सांगा.

शिफारसपत्रासाठी दीड महिना आधी विचारा, सोबत उद्देशपत्राचा मसुदा द्या. मोठ्या पदापेक्षा तुमचं काम जवळून पाहिलेली व्यक्ती बरी.