मुळशीत जमीन घेतलीत, आता जुनं मशीन घेताय?

लातूरहून मी 2004 साली पुण्यात आलो आणि सहा वर्षांनी मुळशीत कोळवणच्या बाजूला दोन एकर घेतली. आता मराठवाड्यातून आलेली बरीच मंडळी जमिनी घेतायत आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, जुना जेसीबी घेऊ का?

आपल्या काळ्या रानाचा हिशोब इथे लावू नका. इथे उतार, तांबडा मुरूम, हातभर खाली खडक. जून लागला की चार महिने चाकाचं मशीन रुतून बसतं. घाणेरी आणि करवंदीची जाळी मुळासकट काढावी लागते. वरून छाटलेली घाणेरी पुन्हा फुटते. पण एवढ्यासाठी जेसीबी विकत घेऊ नका. भाड्याचा तासावर मिळतो, दोन-तीन एकर काही दिवसांत मोकळी होतात. नंतरची कामं, म्हणजे गवत आवरणं, माती-खत ओढणं, जुन्या ट्रॅक्टरवर भागतात. उतारासाठी फोर व्हील ड्राइव्ह घ्या.

तरीही चार-पाच जण मिळून जेसीबी घेणार असाल, तर माझ्याकडून झालेली चूक करू नका. आम्ही तिघांनी घेतला, मशीन किती चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर चार हजार तास. नवा पिवळा रंग, सगळीकडे ताजं ग्रीस. महिनाभरात बकेटच्या सांध्यातले पिना-बुश ढिले निघाले, आणि बूमच्या, म्हणजे मशीनच्या लांब हाताच्या, रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ सापडली. मीटर फिरवलेला होता.

आता बघायला जातो तो सकाळी लवकर, न सांगता. आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं, तर मशीन आपल्यासाठी आधीच चालू करून ठेवलंय. चालू करायच्या आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनचं ऑइल मोजायची पट्टी, काढून बघायची. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सरळ परत फिरा. मग बकेट वर उचलून इंजिन बंद करायचं आणि दहा मिनिटं लांब उभं राहायचं. बकेट हळूहळू खाली आली तर हायड्रॉलिकचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. पिनेपाशी डोळा ठेवून ऑपरेटरला बकेट हळूच हलवायला सांगा, ढिलेपणा लगेच दिसतो. पावसाळ्यात कामं थंडावतात, तेव्हा विकणारा भावाला जरा नरमतो.

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर मशीनवर स्वतः वाचा. मशीन नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

मोठं झाड तोडायला परवानगी लागते, मुरूम उचलून विकायला तहसीलची. आणि मशीन शेतात उतरायच्या आधी मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड ऑपरेटरला स्वतः चालून दाखवा. माझ्या शेजारच्या काकांचा बांध आमच्या जेसीबीनं हातभर खरवडला होता. तो पुन्हा घालून देईपर्यंत दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.